साप पळवायच्या यंत्राचे आठ दिवस

नाही, तुम्हीच सांगा, साप पळवायचं यंत्र चालतं की नाही हे बघायला काय लागतं? यंत्र लागतं, बरोबर. ऊन लागतं, कारण ते उन्हावर चालतं. आणि तिसरं? अहो, बोला ना… साप लागतो, साप! विकणाऱ्या कमलेशच्या हे लक्षात आलं नाही, घेणाऱ्या अब्रारच्या लक्षात आलं नाही, आणि माझ्या लक्षात आलं तेव्हा यंत्र माझ्या परसात रोवून झालं होतं आणि मी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून धुण्याच्या दगडावर उभा होतो. सकाळी सात वाजता. मे महिन्यात. हातात बॅटरी. भर उन्हात बॅटरी कशाला म्हणाल, तर तुम्हाला सांगतो, भ्यालेल्या माणसाला हातात काहीतरी लागतं.

आता तुम्ही विचाराल, एवढं सापाला भिता तर साप पळवायची यंत्रं विकता कशाला? मी कुठे विकतो हो! दुकान समिधाचं. समिधा म्हणजे माझी बायको. तिला जाऊन सव्वा वर्ष झालं. तिनं मोबाइलवर दुकान काढलं होतं, 'समिधा गृहवस्तू'. ठोकवाल्याकडून माल बघायचा, फोटो टाकायचा, ऑर्डर आली की पार्सल करायचं. मी भिवपुरीच्या पॉवर हाऊसमध्ये तीस वर्षं लॉगबुक लिहिलं, दर तासाला आकडे, एवढीच माझी अक्कल. व्यापाराशी माझा संबंध पार्सलला चिकटपट्टी लावण्यापुरता. आता ती नाही, पण दुकानावर तिचा फोटो आहे, पिवळ्या साडीतला, हसता हसता कोणाला तरी काहीतरी सांगतेय असा, आणि त्याखाली गिऱ्हाइकांनी दिलेले तारे. पाचपैकी चार पूर्णांक सात. अजून कोणी कोणी लिहितं, "ताई, झारा छान आहे." मी खाली 'धन्यवाद' एवढंच लिहितो. ते तारे तिनं मिळवलेत. माझ्या हातून ते फक्त कमी होऊ शकतात. ही भीती वेगळी. सापाची वेगळी.

आणि त्यात तिचा नियम! पहिल्याच वर्षी तिनं कडावच्या सोनुबाईला तवा विकला, आणि तिसऱ्या दिवशी त्याचा काळा थर भाकरीला चिकटून वर आला. ही स्वतः रिक्षा करून कडावला गेली, तवा परत आणला, आणि मला वाढता वाढता जाहीर केलं, "यापुढे कुठलीही वस्तू आधी आठ दिवस आपल्या घरात! मग विकायची." आपल्या घरात म्हणजे कोणावर? माझ्यावर! तुम्हाला सांगतो, मी काय काय सोसलंय… कांदा कापायचं यंत्र, पाठ चोळायचं यंत्र, घोरणं थांबवायची नाकातली क्लिप! आठ दिवस घोरणं थांबलं खरं, कारण झोपच थांबली. "परत," असं तिनं वहीत लिहिलं, आणि माझी सुटका झाली.

तर झालं काय, तिनं पारखून ठेवलेला माल फेब्रुवारीत संपला, मे लागला आणि ॲपवर लाल अक्षरांत सूचना आली. आपल्या दुकानातून एक्याऐंशी दिवसांत विक्री झालेली नाही, नव्वद दिवस पूर्ण होताच दुकान बंद करण्यात येईल. मी फोन लावला. तिकडून एक मुलगी, आवाज असा की कोणी पेढे देतंय, "हो सर, पेज डिलीट होणार."

"फोटो?"

"फोटोपण, सर."

"आणि तारे?"

"सगळंच, सर. आणखी काही मदत करू शकते का?"

आता आणखी काय मदत करणार ती? नको म्हटलं.

हिशेब केला. उरले नऊ दिवस. त्यातले आठ नियमाचे. म्हणजे विकायला काहीतरी नवीन आजच्या आज मिळालं पाहिजे! बसलो शोधायला. ठोकवाल्यांचे ग्रुप असतात मोबाइलवर, तुम्ही बघितलेत? एका तासात तीनशे फोटो! एक म्हणतो मी सुरतचा, एक म्हणतो दिल्लीचा, एक म्हणतो थेट कारखान्यातून बोलतो. तिघांनी मला एकाच पाणी गाळायच्या भांड्याचा फोटो पाठवला, आणि तिन्ही फोटोंत भांडं धरलेला अंगठा एकच. काळं पडलेलं नख! सुरतेत तोच, दिल्लीत तोच, कारखान्यात तोच. मी विचारलं, "हा अंगठा कोणाचा?" तिघांनी मला ग्रुपमधून काढून टाकलं. माझ्या अंगावर काटा आला हो. माणूस नाहीच, नुसता अंगठा, आणि त्याच्याकडे माझा फोन नंबर!

म्हणून म्हटलं, ज्याचं तोंड बघता येईल असा ठोकवाला हवा. कमलेश आठवला. खालापूरला हायवेच्या कडेला त्याचा गाळा आहे, समिधा त्याच्याकडनंच माल आणायची. गेलो. कमलेशचं बोलणं म्हणजे उतारावरचा टेंपो. "काका, या, बसा, बरं झालं आलात, आयटम आलाय, आग आहे आग, साप पळवायचं मशीन, जमिनीत रोवा, विसरून जा, हादरे मारतं, दोन हजार फुटांत साप येणार नाही, काकी असत्या ना तर पन्नास उचलली असती!"

काकींचं नाव घेतलं, मग काय! एक यंत्र नमुन्याला घेतलं. तो लगेच म्हणाला, "आणि काका, रोवायला झाडीत जाणार, तर हे बूट घ्या, ही बॅटरी घ्या." घेतली. नाही म्हणायचं राहून गेलं.

घरी येतोय तोच अब्रारचा फोन. अब्रारचं कळंबला रिसॉर्ट आहे, समिधाचं जुनं गिऱ्हाईक, मच्छरदाण्या तिच्याकडनंच नेलेल्या. यंत्राचं त्याला कमलेशनं आधीच सांगितलेलं! "सर, मला वीस हवीत. मुंबईहून साठ मुलांचा कॅम्प येतोय, आईबाप रोज विचारतात सापांचं काय, सापांचं काय. मी सांगून टाकतो, यंत्रं लावलीत. मग मुलं अंधारातपण बिनधास्त फिरतील."

बिनधास्त! साठ मुलं, चपला घालून, बिनधास्त, आणि दुकानावर फोटो समिधाचा. म्हटलं, "अब्रार, आठ दिवस थांब. आधी आठ दिवस आपल्या घरात."

तो म्हणाला, "मॅडमचा नियम ना? माहीत आहे, सर. थांबतो."

झालं, यंत्र रोवलं. हिरवा दांडा, वर छत्रीसारखं डोकं, आणि दर अर्ध्या मिनिटानं घूंऽऽऽ! साप पळतो की नाही माहीत नाही, मी पळत होतो. प्रत्येक घूंऽऽऽला! आणि मग ते लक्षात आलं. अरे, साप कुठाय?

गोमाला फोन केला. गोमा कडावचा, भातशेती करतो आणि कोणाच्या घरी साप निघाला की पकडून रानात सोडतो. म्हटलं, "गोमा, एखादा साप आणून देतोस का? बिनविषारी. आठवडाभर."

तो म्हणाला, "साहेब, बरं हाय ना तुमाला? साप काय भाड्यानं मिळतो? पकडून ठेवला तं गुन्हा हाय, आत टाकतील मला. येल तवा येल. तुमी वाट बगा."

वाट बगा! सापाची! म्हणजे आयुष्यभर ज्याच्या नुसत्या चित्राचं पान मी न बघता उलटलं, त्याची मी वाट बघायची, आणि तीही घड्याळ लावून! मग मी मला येतं ते केलं. लॉगबुक सुरू केलं. सात वाजता, साप नाही. आठ वाजता, साप नाही. नऊ वाजता, पाचोळा वाजला, सरडा निघाला, साप नाही, नाडी एकशे वीस.

चौथ्या दिवशी कमलेशचा फोन. "काका, आला साप?"

"नाही."

"मग! चालतंय ना मशीन!"

"अरे, बारा वर्षांत माझ्या परसात साप आलेला नाही. तेव्हा कुठे मशीन होतं?"

"काका, तुम्ही फार विचार करता."

"परसात हत्तीही आला नाही. हत्ती पळवायचं यंत्र म्हणून विकशील?"

तो थांबला. तुम्हाला सांगतो, खरंच थांबला. मग म्हणाला, "गिऱ्हाईक आहे का कोणी?"

सहाव्या दिवशी मी दगडावर उभा राहून मनात म्हटलं, ये बाबा एकदाचा. आणि ज्यानं कोणी ऐकलं असेल त्याला लगेच म्हटलं, नको नको, मी नव्हे तो.

सातव्या दिवशी संध्याकाळी मात्र धीर सुटला. मनात आलं, लिहून टाकावं ना, 'यंत्र चालते.' कोण विचारतंय? अब्रार खूश, कमलेश खूश, दुकान राहील, फोटो राहील. कपाटातून समिधाची वही काढली, तिच्यातच लिहावं म्हटलं, रीतसर. पानं उलटत गेलो. तवा, परत. क्लिप, परत. झारा, ठेवावा. शेवटची नोंद उशीची. 'उशी. दिवस पहिला, जरा उंच वाटते. दिवस दुसरा, मान दुखली नाही.' त्यापुढे पान कोरं. तिसऱ्या दिवशी आम्ही तिला कर्जतला दवाखान्यात नेलं होतं.

ती उशी घरातच आहे. विकायला काढली नाही. आठ दिवस झाले नव्हते ना.

वही मिटली. म्हटलं, उद्याचा दिवस उभं राहायचं.

आणि आठव्या दिवशी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, लॉगबुकात आहे, जास्वंदीच्या बुडातून तो निघाला. निघाला तो निघतच राहिला हो! मला वाटलं संपला, तर अजून होता! मी दगडावर. यंत्रानं केलं घूंऽऽऽ. साप थबकला. आणि तुम्हाला सांगतो, त्या एका क्षणात मला वाटलं, चाललं! समिधा, चाललं! … तो वळला, सावकाश यंत्रापाशी गेला, त्या छत्रीच्या सावलीत वेटोळं घातलं आणि डोकं दांड्याला टेकवून पडून राहिला. घूंऽऽऽ! हललासुद्धा नाही. कुणी थोपटतंय असा! माझ्या लॉगबुकात बघा, अकरा दहा, साप. अकरा दहा, साप. अकरा अकरा, साप. अक्षर माझं वाटत नाही.

फोन कसा लावला आठवत नाही. गोमा मोटारसायकलवरून येईपर्यंत मी एका पायावर होतो. तो आला, वाकून बघितलं आणि हसायलाच लागला. "अवो साहेब, धामण हाय ही. बिनविषारी. उतरा खाली."

बिनविषारी हे मला कळलं हो, म्हणून दुसरा पाय टेकवला. दगडावरच.

त्यानं ती अलगद उचलली, पिशवीत घातली. "मशीन भारी हाय पण. ही तं निजलीवती!" मग माझ्याकडं नीट बघितलं. सापाला हात घालताना नव्हता झाला एवढा गंभीर झाला. "साहेब, ह्ये बूट कुटं मिळालं? माझ्या पायात ही अशी चप्पल, रोज बांधावर जीव मुठीत. मला येक जोड पायजे."

मी खाली बघितलं. बूट! आठ दिवस! आंघोळ सोडली तर पायातून काढले नव्हते. चिखल झाला, ऊन झालं, ना फाटले ना घसरले. आणि हातातली बॅटरी, आठ दिवसांत एकदाच चार्ज केलेली.

अब्रारला तिथूनच फोन लावला. म्हटलं, "यंत्र घेऊ नकोस. साप त्याला टेकून झोपतो."

"मग आईबापांना काय सांगू, सर?"

"सांग, साप आहेत. मुलांना बिनधास्त सोडू नकोस, अब्रार. भिऊ दे थोडी. बूट दे, बॅटरी दे, आणि खाली बघून चालायला सांग. मी आठ दिवस तेच केलं."

यंत्र मधेच घूंऽऽऽ. मग अब्रार म्हणाला, "लहान मापं मिळतील?"

कमलेशकडे होती. बूट आणि बॅटरीचा फोटो लगेच दुकानावर टाकला. पहिली ऑर्डर गोमानं तिथंच उभ्या उभ्या टाकली, एक जोड, मीच त्याला बटण दाखवलं. साठ जोड आणि साठ बॅटऱ्यांची अब्रारची ऑर्डर दुपारी चारला आली. लाल अक्षरं गेली. समिधा तिथंच, पिवळ्या साडीत, कोणाला तरी काहीतरी सांगतेय. कमलेशला यंत्र परत दिलं तर तो काय म्हणाला असेल? "साप येतो म्हणता? मग काका, साप गोळा करायचं मशीन म्हणून काढू! गोमासारख्यांना लागतं!"

कॅम्प झाला. साठच्या साठ मुलं धडधाकट परत गेली. कॅम्पच्या बाईंनी स्वतःसाठी मागवलेल्या जोडाबद्दल लिहिलं, "ताई, बूट बरे आहेत. पण आठवडाभरात एकही साप आला नाही, त्यामुळे उपयोग होतो की नाही सांगता येत नाही. तीन तारे." चार पूर्णांक सातचे चार पूर्णांक सहा झाले. घाबरत होतो तेच झालं. खाली लिहिलं, 'धन्यवाद.'

आणि आज सकाळी, चहाचा कप तोंडाला लावतोय तोच कमलेशचा फोन. "काका, आयटम आलाय, आग आहे आग! बिबट्या पळवायचा दिवा! फार्महाऊसवाले वेडे होतील, नमुना टेंपोत टाकलाय, दुपारी तुमच्या दारात!"

नाही म्हणायचं राहून गेलं. आता काय करणार? नियम म्हणजे नियम. आधी आठ दिवस आपल्या घरात. फक्त या वेळी मी ठरवलंय… घरात म्हणजे घरात. आतल्या खोलीत, दार लावून.