सांधा धरेपर्यंतची सिगारेट

...आणि वर डॉक्टर मलाच म्हणतात, "काका, तुमचं हाड आळशी दिसतंय!" आता हाडाला कसला आळस? तुम्हाला सांगतो, सारा जन्म मी सांधेच जुळवले, खुर्च्यांचे, टेबलांचे, दाराच्या चौकटींचे, आणि माझ्याच हाताचं हाड काही जुळेना!

पडलो कुठून? माडीवरून नाही हो, स्टुलावरून, तेही मीच बनवलेल्या! त्याचा पाय डुगडुगत होता, बघू उद्या, बघू उद्या म्हणता म्हणता त्यानेच मला बघितलं. मनगटाच्या वर कडाक्! हात प्लास्टरात, इकडे लेकीला दिवस गेलेले, आणि तिच्या बाळासाठी करायला घेतलेला पाळणा अर्धवट. जावई आमचे मवाळ, हळूच म्हणतात, "बाबा, सावकाश होऊ द्या हं... दुकानात प्लास्टिकचे मिळतात." प्लास्टिकचा! सुताराच्या नातवंडाला!

मग काय, बसलो वाट बघत. आता वाट बघायची माझी एक रीत. सरस लावला की सांधा दोन्ही हातांनी दाबून धरायचा, तोंडात सिगारेट, ती संपली की सांधा धरला म्हणून समजायचं. घड्याळ बघतो कोण? म्हटलं, हाडाचंही तसंच असणार. एक ओढली, दुसरी ओढली... हाड मोठं, तेव्हा सिगारेटी जास्त लागणार, सरळ हिशोब! आमची ही म्हणाली, "अहो, हाताला विश्रांती सांगितलीय, तोंडालाही द्या की थोडी!" मी शांतपणे धूर सोडला. फोटो काढला, तर हाड काही जुळेना!

डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला, माझ्याकडे बघितलं. "काका, सिगारेट?"

म्हटलं, "नको, आत्ताच ओढून आलो."

कपाळावर हात मारला त्यांनी! "अहो काका, हाड जुळायला तिथे रक्त पोचावं लागतं, नवं हाड तयार व्हावं लागतं. निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं, मग हाड जुळणार कशाच्या जिवावर?"

म्हणजे बघा, हाड जुळायची वाट बघत मी ओढतोय, ओढतोय म्हणून ते जुळत नाही, जुळत नाही म्हणून आणखी वाट, आणि वाट बघायची म्हणून आणखी...

"बरोब्बर!" डॉक्टर म्हणाले. "पुढच्या फोटोतही नाही जुळलं, तर कमरेच्या हाडाचा तुकडा काढून इथे लावायचा."

ठिगळ! मी म्हटलं, "धूर बाधतो ना? मग तंबाखू चघळतो."

"काका! त्यातही निकोटीनच!"

सोडली बाबा. हातात रंधा नाही, तोंडात सिगारेट नाही, समोर नुसती भिंत. ही म्हणायची, "बोला की काहीतरी." बोललो की म्हणायची, "गप्प बसा हो जरा." पण हळूहळू जुळलं हो हाड! प्लास्टर निघालं, हाताला बळ आलं, पाळणा पुन्हा जोडायला घेतला, तोवर लेक दवाखान्यात, आणि पाळण्याचा शेवटचा सांधा तेवढा राहिलेला. सरस लावला, दोन्ही हातांनी दाबला आणि बसलो... पण किती वेळ? तोंडात सिगारेट नाही, कळणार कसं? शेवटी मनातल्या मनात एक ओढली. आता इतक्या महिन्यांनी मिळालेली, ती काय सावकाश ओढतो माणूस? संपवली भराभर, दिला सोडून सांधा!

नात घरी आली. ही म्हणाली, "अहो, आधी उशी ठेवून बघा." नशीब माझं! उशी ठेवली, आणि उशीसकट पाळणा जमिनीवर.

नात झोपते हो, मस्त झोपते, जावयांच्या प्लास्टिकच्या पाळण्यात. झोके मीच देतो. हात काय, लोखंड झालाय. कोपऱ्यातला तो पाळणा मात्र... तुम्हाला सांगतो, काही जुळेना!