बॅटरी मागे, इन्व्हर्टर पुढे

बल्ब घ्यायला आलेल्या मास्तरीणबाई दुकानात रांगेत उभ्या होत्या. पुढच्या म्हाताऱ्या जोडप्याचं बोलणं कानावर पडलं आणि बल्ब डोक्यातून पार गेला.

“गाडीतच घर थाटतोय, तिच्यात इन्व्हर्टर बसवायचाय. बॅटरीची केबल द्या.”

“दोन्हींत अंतर किती, काका?”

“पाच मीटर. बॅटरी मागे, इन्व्हर्टर पार पुढे.”

“मग अंगठ्याएवढी जाड लागेल. एवढ्या लांब बारीक केबल नेली तर तापेल. त्यापेक्षा इन्व्हर्टर बॅटरीजवळच बसवा की!”

“तिथे पलंग आहे. इन्व्हर्टरचा पंखा घरघरतो, हिला झोप लागायची नाही.”

“मी येणार असं कोण म्हणालं? घर सोडून डब्यात राहायची हौस तुमची.”

“नको येऊस. पण तुझी सोय करून ठेवतो.”

“आणि ही जाडजूड केबल नेणार कुठून?”

“गाडीचा तळ उचकटेन.”

“कालच रंगवलेला?”

“हो.”

दुकानदार कटर हातात धरून थांबला.

“भाऊ, एक मीटरच कापा.”

“मग करंगळीएवढी पुरेल, काकू.”

“अगं, पण घरघर?”

“तुमच्या घोरण्यात ती कुठली ऐकू येतेय! खिडकीकडची बाजू मात्र माझी.”