पान एकशे बारावरचा वारा

(डोमिनिका बेटावरचं एक खेडं. गावातली म्हातारी मा क्लोतील चुलीवर भाजलेला नीरफणस सोलतेय. समोर हवामानशास्त्र शिकून आलेला एल्डन, मांडीवर मिस आर्मेलची जुनी कादंबरी.)

एल्डन : पण मा, हे घडूच शकत नाही!

मा : कादंबरी आहे ती, पोरा. घडायला कशाला हवं?

एल्डन : मिस आर्मेल तशा लिहीत नव्हत्या. बेटावरची पहिली कादंबरी, पण नदीच्या वाटेवरच्या पायऱ्यासुद्धा मोजून लिहिल्यात. मी जाऊन मोजल्या.

मा : मोजल्यास? घरी काही कामधंदा सांगत नाहीत वाटतं तुला.

एल्डन : ऐका ना. पान एकशे बारा. वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, गावावर आलाय. वारा पडलाय, पान हलत नाही. आणि पुढच्याच ओळीत, ‘वाऱ्यानं दाराची कडी उडवली, आणि धाकटा तेओ बकरी आणायला बाहेर पळाला.’ वारा नाही, तर कडी उडवली कुणी?

मा : कोको पी. निवतोय.

एल्डन : नवी आवृत्ती शाळांत जाणार. टिपा लिहायचं काम माझ्याकडे आहे. ‘इथे लेखिका चुकली’ असं लिहावं लागेल.

मा : तसं लिहू नकोस.

एल्डन : का?

मा : ती चुकली नव्हती. प्रकरण ज्या घरचं, त्या घरी येऊन ती आधी वाचून दाखवायची. हे इथंच वाचलं, तू बसलायस तिथं बसून. तेओ माझा भाऊ.

एल्डन : तेओ खरा होता?

मा : बकरीपण. कडीचं मी तिला एकटीला सांगितलं होतं. वाचायला आली तेव्हा आई शेजारी बसलेली. आईला ठाऊक नव्हतं. त्या ओळीशी आली, माझ्याकडे बघितलं, थांबली. मग म्हणाली, ‘वाऱ्यानं.’ आणि तिथंच पेन्सिलीनं खोडलं.

एल्डन : म्हणजे कडी तुम्ही...

मा : सगळं गप्प झालं होतं रे. वाटलं, संपलं. तेओ बकरीसाठी रडत होता. मग वारा उलट्या बाजूनं आला. तेओ नाही आला.

एल्डन : वारा मध्येच थांबतो, हे तुम्हाला कोणी...

मा : कोण सांगणार? शहरातल्या एका मास्तरनं त्या ओळीवरून तिचं हसं केलं, पेपरात. ती मरेपर्यंत बोलली नाही.

एल्डन : आणि तुमची आई?

मा : तीन वर्षं झाली जाऊन.

एल्डन : मग टीप कशी लिहू, मा?

मा : लिही, वारा थांबला तरी दार उघडायचं नाही. पोरं वाचतील. आणि लिही, कडी क्लोतीलनं काढली.

एल्डन : नाव घालू?

मा : घाल. वयही घाल. सात.