दुलाजीनं मोडलेली घरटी

मंडळी, कीर्तनाला बसलाच आहात, तर ऐका! मोडलेलं परत जोडता येतं का? भांड्याचं म्हणत नाही मी, ते मोडीत देऊन नवं घेता येतं. मी म्हणतो – दुसऱ्याचं घर!

तळकोकणात एका किनाऱ्यावर दुलाजी नावाचा होडीवाला होता. समोर समुद्रात बेट, बेटावर गुहा – आणि गुहेच्या काळोखात पाकोळ्याच पाकोळ्या! चिमणीपेक्षाही लहान पाखरू. पाय इतके दुबळे, की फांदीवर बसता येत नाही. पण टिकटिक आवाज करतं, कातळावरून परतलेला आवाज ऐकतं, आणि अंधारातही नेमकं आपल्या घरट्याशी येतं! घरटं कशाचं? स्वतःच्या लाळेचं! थोडी थोडी कातळाला लावायची, वाळवायची – दिवसचे दिवस. तुमच्या स्लॅबला निदान सिमेंट मिळतं हो!

दुलाजीची बायको शेवंती खोकून खोकून खंगली. कुणीतरी म्हणालं, पाकोळीचं घरटं उकळून पाज. झालं! त्यानं घरटी खरवडली. पाकोळ्यांनी परत बांधली. त्यानं परत खरवडली! बिचाऱ्यांनी पुन्हा बांधली – लाळ आटलेली, पिसं चिकटवून कशीबशी – आणि अंडी घातली. तीही त्यानं नेली. माणूस दुष्ट होता का? छे! बायकोवर जीव होता. तिथंच तर घोटाळा!

शेवंतीनं वाटी तोंडाला लावली. तळाशी कवचाचा तुकडा!

"ह्येच्यात अंडी होती?"

"नाय गो."

"माज्याकडे बघून सांग!"

तिनं वाटी बाजूला सारली. "त्येंचो संसार माका पाजतंस? जा, उरलेली घरटी परत लावून ये!"

गेला. पिठाची खळ करून घरटी कातळाला लावू लागला. लावावं – पडावं! लावावं – पडावं! पाकोळ्या टिकटिक करत नेमक्या जागी यायच्या – तिथं कोरा कातळ! फडफडून मागे फिरायच्या. शेवटी दुलाजीनं होडी परत फिरवली.

शेवंती पुढं बरी झाली. कशानं? दवाखान्याच्या गोळ्यांनी! घरट्यांची गरजच नव्हती, मंडळी! आता दर उन्हाळ्यात दोघं होडीनं जातात, गुहेच्या तोंडाशी कान देऊन बसतात. टिकटिक नाही; आत नुसत्या लाटांचा आवाज.

जरा वर बघा. या देवळाच्या सभामंडपाच्या छताला पाकोळ्यांच्याच भावकीतल्या पाखरांची घरटी आहेत, आत पिल्लं. उद्या रंगारी येणार म्हणे! देवस्थानाचे अध्यक्ष, मान खाली घालू नका. देवासमोर सांगा – आधी रंग, की आधी पिल्लं उडू द्यायची? उत्तर येईपर्यंत मी आरतीचं तबक उचलणार नाही!