पुन्हा तेच हेड

स्वीडनच्या उत्तरेला, लिक्सेलेतल्या इंजिनाचे भाग घासून देणाऱ्या ग्राइंडिंगच्या दुकानात रांग म्हणजे म्हातारा एव्हर्ट आणि त्याच्यामागे मी. एव्हर्टच्या हातात इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड. काउंटरवर मालकीण गुनव्होर.

"पुन्हा तेच हेड?"

"टर्बोच्या इंजिनावर दुसऱ्या गाडीचं हेड चढवतोय, बाई. सपाट नको? जरा घासून दे."

"आरशासारखं सपाट आहे. आणखी घासलं तर आतला दाब, कॉम्प्रेशन वाढेल आणि टर्बो तुझं इंजिनच फोडेल."

"मग मध्ये बसवायचं गॅस्केट दे."

"मागच्या वेळच्या गॅस्केटचं पाकीट तरी उघडलंस?"

"नाही."

"अरे, बसवून टाक ना एकदाचं!"

"बसवलं की काय काम उरतं?"

गुनव्होरनं मागे चालू असलेला ग्राइंडर बंद केला.

"एव्हर्ट, गुरुवारी नुसता कॉफीला ये."

"नुसता?"

"नुसता."

"छे, रिकाम्या हातानं कसं यायचं? इंजिनाचा अख्खा ब्लॉकच घेऊन येतो."