हात मांडीखाली

आणि वर ही ट्रेनिंगवाली इमोजेन मला म्हणते काय, 'दहाच मिनिटं हं ग्लेंडा, अनुभवाचे चार शब्द बोला, पण पोरं सांभाळायला निघालेली नवीन मंडळी आहेत, घाबरवू नका!' आता तुम्हीच सांगा, न घाबरवता दहा मिनिटं मी बोलू कशावर... आपल्या ग्रिम्झबीच्या पावसाळी हवेवर? आणि खुर्च्या बघा, सगळ्या तुम्हाला दिल्या, साठी उलटलेल्या बाईला मात्र उभं केलंय, गुडघे कुरकुरतायत ते मागच्या रांगेत ऐकू येत असेल. अजून एक पाहुणी यायचीय म्हणे. खरं भाषण तिचं, मी आपली तोंडी लावायला. आली नाही अजून, बस चुकली असणार. तोवर मी.

ही इमोजेन बघा कशी हसतेय. हसू नको गं, तुझ्यामुळेच झालंय सगळं. तुम्हाला सांगते, आम्ही दोघांनी, म्हणजे मी आणि हा पुढच्या रांगेत बसलाय तो माझा नवरा नॉरिस, आयुष्यभर लोकांची पोरं घरी ठेवून सांभाळली. पोर येतं, रडतं, आपण उचलतो, विषय संपला. एके दिवशी ही इमोजेन आमच्या स्वयंपाकघरात बसून म्हणाली, 'आता नुसतं मूल नाही, मूल आणि आई दोघांना ठेवाल का? आईला जमतंय की नाही ते कोर्ट बघणार.' नॉरिस म्हणाला, एक खोली रिकामीच आहे की. याचं हे असं. धक्क्यावर जन्मभर मासे साफ केले, त्याला वाटतं सगळ्याचे काटे सुरीनं निघतात.

मग ट्रेनिंग! याच हॉलमध्ये, याच कुडकुडत्या थंडीत. मला वाटलं काहीतरी नवीन शिकवतील. तर बाई गं, शिकवलं काय? काही न करायला! इमोजेननं एक प्लास्टिकची बाहुली आणली, बॅटरीवर रडणारी. नॉरिसला म्हणाली, 'तुम्ही आई व्हा.' आणि मला म्हणाली, 'तुम्ही सांभाळणाऱ्या. आता बाळ रडतंय, आईला जमत नाहीये, तुम्ही काय कराल?' नॉरिसनं ती बाहुली अशी धरली होती, शेपटीकडून, हॅडक मासा धरावा तशी. मी उठले, बाहुली घेतली, खांद्यावर टाकली, थोपटली. सगळा वर्ग वा वा म्हणाला. आणि इमोजेन म्हणते, 'ग्लेंडा, नापास.'

नापास! मी! हिचा जन्म व्हायच्या आधीपासून मी पोरं थोपटतेय, आणि हिला स्वतःचं मांजरसुद्धा नाही! म्हणाली, बाळाला आई हवीय, तुम्ही नकोय. तुम्ही उचललंत तर आई शिकणार कधी, आणि कोर्टाला दिसणार काय? तोंडानं सांगा, धीर द्या, जिवावर बेतणारं काही असेल तरच उठा. नाहीतर हात मांडीखाली. आणि खरंच सांगते, आम्हा सगळ्या बाप्याबायकांना हात मांडीखाली घालून बसवलं, शाळेत खोड्या काढल्यावर बसवतात तसं, आणि बाहुली रडतेय, रडतेय... शेवटी बॅटरी संपली तेव्हा सुटलो.

बरं, मदतीचं म्हणाल तर मदत भरपूर. चोवीस तास फोनचा नंबर देतात, तुम्हालाही देतील. लावून बघा, छान गाणं लागतं. आणि महिन्यातून एकदा सगळ्या सांभाळणाऱ्यांची बैठक, तिथं बिस्किटं असतात आणि 'आज मनाला कसं वाटतंय ते एका रंगात सांगा' असतं. नॉरिस म्हणाला, राखाडी. सगळे हळहळले. म्हणाला, नाही, कोटाचा रंग बघून सांगितलं.

तर टेगन आली. कडेवर मेबल, दीड महिन्याची. टेगन एकोणीस वर्षांची, आणि तीही आपल्यासारख्यांच्याच घरांतून वाढलेली, किती घरं झाली ते तिनंही मोजायचं सोडलेलं. ठरलं होतं बारा आठवडे. तेवढ्यात ठरणार, हिला बाळ सांभाळता येतं की नाही. आलं तर बाळ हिचं, नाही आलं तर बाळ दुसऱ्या घरी, कायमचं. एवढं सगळं टांगणीला, आणि आमच्या हाती काय? मांडी.

इमोजेन म्हणाली होती, एक आई आणि एक बाळ येतंय. खोटं! दोन बाळं येतात. एकाला दात नाहीत आणि दुसरीच्या जिभेला हाड नाही. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, 'काय नुसती बसलीयस? पगार मिळतो ना तुला बघायचा? बघ मग.' तिला डायपर उलटा लावताना बघायचं आणि म्हणायचं, 'अगं, ती चित्रं पुढं असतात बहुतेक.' बहुतेक! आंघोळीचं पाणी काढलं की म्हणायचं, 'कोपर घालून बघतेस का?' हात असे शिवशिवायचे की मी आमचं पितळेचं सगळं सामान घासून काढलं, मग शेजारणीचं मागून आणलं.

आणि सांगते तुम्हाला, टेगन वाईट नव्हती हो. फक्त तिला येत नव्हतं. एकदा बघते तर मेबलला घेऊन खिडकीशी उभी आणि कानात काहीतरी पुटपुटतेय. मी कान दिला. 'बाजार चौक... चर्चचा कोपरा... मासळी धक्का... जुनी गिरणी... दवाखाना... शेवटचा थांबा.' पुन्हा पहिल्यापासून. मी म्हटलं, झालं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. तर म्हणाली, 'गाणी नाही येत मला.' एका घरी शाळेनंतर कुणी नसायचं म्हणे, मग ही बसमध्ये मागच्या सीटवर बसून राहायची, हीटर असतो ना तिथं. थांबे ऐकत ऐकत झोप लागायची. अंगाई कुणी म्हटलीच नाही हिला, तर येणार कुठून? मला भरून आलं. पण जवळ घेता येतं का? बाळाला नाही, तसं बाळाच्या आईलाही फार नाही. हात मांडीखाली.

आता नॉरिसकडे बघा. बघा कसा छताकडे बघतोय. मी तिकडे शेजारणीचं पितळ घासतेय आणि हा पठ्ठ्या काय करायचा? टेगन न्हाणीघरात गेली की मेबलला उचलून पोटावर झोपवायचा! म्हणे, 'मी कुठं धरलंय, ती आपणहून झोपलीय.' आपणहून! न रांगणारं पोर याच्या पोटावर चढलं! मी ओरडले, त्यानं सोडलं, पुन्हा धरलं. मीही काही संत नव्हे, एखाददुसरा हात सुटला असेल माझाही. पण मी निदान पकडले नाही गेले.

आणि मग यायचं तेच आलं. कोर्टाची तारीख पुढं, आणखी पुढं, करता करता मेबल सहा महिन्यांची झाली, आणि शेवटी आली बर्नाडेट. बर्नाडेट म्हणजे बाळाची सोशल वर्कर, जी कोर्टात सांगणार, आईकडे ठेवा की नको. भली बाई, पण चेहरा असा की आत काय शिजतंय ते कळायचं नाही. मेबलला त्याच दिवशी दात यायचे होते. घरभर किंचाळणं. टेगन बाटली देतेय, फेऱ्या मारतेय, बर्नाडेट बघतेय, मी खुर्चीत, हात मांडीखाली, बोटं बधिर. आणि दारातून आले श्रीयुत नॉरिस, चहाचा ट्रे घेऊन. मेबलनं त्याला बघितलं आणि दोन्ही हात पसरले. त्याच्याकडे.

बर्नाडेटनं बघितलं. पण तिचं सोडा, टेगननं बघितलं. इतका वेळ भांडणारी, शिव्या देणारी पोरगी, चेहरा उतरला तिचा. बाळ पुढं केलं आणि हळूच म्हणाली, 'घे ना रे तिला. तुझ्याकडेच राहते ती गप्प. माझ्याकडे नाही राहत.'

तुम्हाला सांगते, त्या ट्रेनं वाचवलं आम्हाला. दोन्ही हातांत ट्रे नसता तर यानं घेतलंच असतं तिला, आणि तिथंच संपलं असतं सगळं. मी उठले, ट्रे टेबलावर आपटला, म्हटलं, 'नॉरिस, पाऊस येतोय, कपडे बाहेर आहेत.' दंडाला धरून ओढत नेलं. आकाश निरभ्र! ऊन पडलं होतं, ग्रिम्झबीत, आणि त्याच दिवशी!

दोघं उभे अंगणात, वाळत घातलेल्या चादरींत. आत मेबलचा टाहो. नॉरिस एकच टॉवेल घडी करतोय, उलगडतोय, परत घडी करतोय. म्हणाला, 'ग्लेंडा, तिला वाटेल, मला ती नकोय.' मी म्हटलं, 'वाटू दे. ती सहा महिन्यांची आहे, विसरेल. टेगन विसरायची नाही.' बोलले खरी, पण माझाच जीव तुटत होता हो. रडणं वाढलं. वाढलं... आणि एकदम थांबलं.

ती शांतता! रडणं परवडलं. मी चादरीआडून खिडकीत डोकावले. टेगन मधोमध उभी, मेबलचा ओला गाल तिच्या मानेत, आणि ओठ हलतायत. मासळी धक्का... जुनी गिरणी... आणि सोफ्यावर बर्नाडेट. चहा गार झालेला, पेन खाली पडलेलं, डोळे भरलेले. आणि दोन्ही हात, देवाशप्पथ सांगते, मांडीखाली! तिलाही आवरत नव्हतं!

कोर्टानं मेबलला टेगनकडे ठेवलं. फ्लॅट मिळाला, त्याच बसच्या शेवटच्या थांब्याजवळ. नॉरिसनं सामान पोचवलं, दिवे लावून दिले, परत आला आणि राखाडी कोट घालून अंगणात बसला. घर खायला उठलं हो. आता या इमोजेनला विचारा, त्या दिवसाचा तास आहे का तुझ्या ट्रेनिंगमध्ये? जीव लावायचा, हात लावायचा नाही, आणि जमलंच सगळं, तर दारात उभं राहून टाटा करायचा. नापास झालात तर बाळ जातं, पास झालात तर दोघंही जातात! हे कुणी लिहिलंय का तुमच्या त्या चकचकीत पुस्तिकेत?

...आली बघा. ये गं, ये, दार लाव, गारठा येतोय. मंडळी, ही टेगन. बसच चुकली ना? मला माहीत होतं. आणि ही मेबल, बघा केवढी... अगं बाई, एवढे अनोळखी चेहरे बघून बिथरली वाटतं. अरे, रडायला लागली...

ओ! ओ निळ्या स्वेटरवाल्या बाई, कुठं निघालात? तुम्ही, काका, बसा. अहो, सगळाच्या सगळा हॉल उठला की! बसा खाली! मी मघापासून घसा फोडून काय सांगतेय? नॉरिस, तू तर बसच! तिची आई आहे ना तिथं. झालाच तिचा बाजार चौक सुरू, ऐका जरा. हात मांडीखाली, सगळ्यांनी, हां, अस्से...

ए मेबल. माझ्याकडे हात नको करूस गं. नको ना, राणी.

इमोजेन, अगं एक खुर्ची दे मला! तुम्हाला सगळ्यांना बरं आहे, तुम्ही बसलायत. मी उभी आहे, मी माझे हात घालू कुठं?