हेडफोनमध्ये सोडलेल्या शिट्टीबाबत

जबाब देणार: सगळीकडे डांबर या नावाने ओळखला जाणारा, वय ४१ वर्षे, काम नाचाच्या क्लबमध्ये साउंड ऑपरेटर, राहणार क्लबमागील गल्ली, लाँड्रीच्या वर, दुसरा मजला.

मला ठाण्यात बोलावून विचारल्यावरून मी समक्ष सांगतो की, सदर क्लबमध्ये मी सोळा वर्षांपासून कामाला आहे. तिथे वाजवणारे डीजे आजवर सगळे गोरेच होते. काळी माणसे म्हणजे मी, सफाईवाली मावशी आणि दारावरचे दोघे. डांबर हे नाव मला सिनियर डीजेने दिले. मला त्याचा राग येत नाही. सोळा वर्षे राग धरून कोण बसणार?

गेल्या महिन्यात क्लबच्या नावाने बोंब झाली, की इथे काळ्या माणसाला दारातूनच परत पाठवतात. ते खरे आहे. त्यामुळे मालकांनी ‘मंच सर्वांचा’ असा रविवार दुपारचा कार्यक्रम ठरवला आणि फिर्यादी बाईंच्या धाकट्या बहिणीला वाजवायला बोलावले. तिचे वय २६, रंग माझ्यासारखाच. आठ वर्षे ती तळघरांत आणि रिकाम्या गोदामांत वाजवत होती. चांगले जमले तर दर रविवार तुझा, असे मालक तिला माझ्यादेखत म्हणाले. रविवार तोपर्यंत सिनियरचा होता. पोस्टर छापण्यापूर्वी मालकांनी तिचा फोटो दोनदा उजळ करून घेतला.

रविवारी दुपारी दोनच्या सुमारास ती ताईला, म्हणजे फिर्यादी बाईंना, घेऊन आली. तिने आधी सगळ्या तारा स्वतः तपासल्या. मग मला म्हणाली, “दादा, पायाशी आहे तो स्पीकर जरा माझ्याकडे वळवाल का?”

सिनियर तिथेच उभा होता. तो म्हणाला, “डांबर, तुझी बहीण आली बघ. आता काय, घरचंच कार्य. लाइट मात्र कमी करू नकोस हां, नाहीतर मॅडम सापडायच्या नाहीत आम्हाला.”

सगळे हसले. मी पण हसलो. तीही थोडी हसली. तिला रविवार हवा होता.

चार वाजता तिने वाजवायला सुरुवात केली. सिनियरच्या सांगण्यावरून मी तिच्या पायाशी असलेला स्पीकर बंद केला. डीजेला स्वतःचे वाजवणे त्या स्पीकरवर वेळेत ऐकू येते, हॉलमधला आवाज त्याच्यापर्यंत उशिरा पोहोचतो. तो बंद केला की भले भले ताल जुळवताना गडबडतात. ती गडबडली नाही. तिने मला दोनदा हात केला, मी दुसरीकडे पाहिले. मग तिने हेडफोन दोन्ही कानांवर घट्ट बसवले आणि त्यांचा आवाज शेवटपर्यंत वाढवला. हे मला माझ्या टेबलावरून स्वच्छ दिसले.

हॉल भरला. रविवारी दुपारी एवढी माणसे नाचताना मी कधी पाहिलेली नाहीत. मालक बारपाशी उभे राहून मान डोलावत होते. सिनियरने ते पाहिले.

चार वाजून पन्नास मिनिटांनी सिनियर माझ्या टेबलाशी आला व म्हणाला, “हिचं स्वागत राहिलंच की रे.”

स्वागत म्हणजे काय असे विचारल्यावरून सांगतो. माझ्या टेबलावरून डीजेच्या हेडफोनमध्ये एक वेगळी तार जाते. तिच्यावरून ‘दहा मिनिटे उरली’ वगैरे निरोप द्यायचे असतात. नवा डीजे किंवा नवा साउंडवाला आला की त्याला हेडफोन घालायला लावून आम्ही त्या तारेतून मशीन तपासायची शिट्टी सोडतो. तो दचकतो, लोक हसतात, मग त्याला एक ग्लास पाजतात. गोऱ्या पोरांच्या वेळी मी बटण दोनवर ठेवतो आणि मध्ये लिमिटर असतो, म्हणजे आवाज ठरलेल्या मर्यादेपुढे जाऊ न देणारे यंत्र. त्या दिवशी बटण दहावर होते. लिमिटर काढलेला होता. तो मी काढला. सिनियर फक्त “मोठं कर” एवढेच म्हणाला होता, लिमिटर कशाशी खातात हे त्याला ठाऊक नाही.

शिट्टी चार सेकंद चालली. ती ओरडली नाही. चालू गाणे संपत आले होते, पुढचे लागले नसते तर हॉल गप्प झाला असता. तिने हेडफोन काढले नाहीत, आधी पुढचे गाणे लावले आणि मग खाली बसली. सिनियर लगेच वर चढला आणि तिथून पुढे वाजवू लागला. मालक माइकवर म्हणाले, “आपल्या पाहुणीसाठी जोरदार टाळ्या!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईने तिला मागच्या दाराने बाहेर नेले. मावशीने तिथली फरशी पुसून घेतली.

तिचा एक कान पूर्ण गेला असून दुसऱ्यात सतत शिट्टी वाजते, असे ताईने मला फोनवर सांगितले. रविवार सिनियरकडेच राहिला.

मशीन बिघडले होते असे सांग, असे मला मालकांनी बजावले आहे. मशीन बिघडले नव्हते. माझ्या हाताखालचे मशीन सोळा वर्षांत एकदाही बिघडलेले नाही.

असे का केले, या प्रश्नावर सांगतो की, सिनियरने जबरदस्ती केली नाही. नोकरीची भीतीही घातली नाही. तिने मला सगळ्यांदेखत दादा म्हटले होते. ती माझी कोणी लागत नाही, हे मला त्या लोकांना दाखवायचे होते. ते त्यांना पटले. त्या दिवशी सिनियरने मला पहिल्यांदाच आपल्या टेबलावर शेजारी बसवून पाजले.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. आधी हवालदार साहेब माझ्या डाव्या बाजूला बसून वाचत होते. त्या कानाने मला काही ऐकू येत नाही, माझे स्वागत झाले त्या दिवसापासून. म्हणून त्यांनी उजवीकडे येऊन तो पहिल्यापासून परत वाचला. तो मी पुरता ऐकला. माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला आहे व खरा आहे.